अनुपलब्धी आणि अभाव : अचल देहातील जाणिवेच्या निदानाची चिकित्सा

अरुणा रामचंद्र शानबाग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने वाचला जातो. उपचार थांबवून मृत्यूला वाट मोकळी करून देणे न्याय्य आहे काय, हा तो प्रश्न होय. नीतिशास्त्राच्या व विधिशास्त्राच्या वर्गांतून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि तीत भर घालण्याचा येथे हेतू नाही. त्या प्रश्नाच्या आधी येणारा एक प्रश्न मात्र या चर्चेत बहुधा गृहीत धरला जातो. जिच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तिला स्वतःची व सभोवतालची जाणीव आहे किंवा नाही, हे कोणत्या प्रमाणाने ठरविले गेले? ते प्रमाण त्या निर्णयाचा भार पेलण्याइतके समर्थ होते काय? प्रस्तुत टिपणाचा विषय एवढाच आहे.

प्रकरणाची हकीगत सर्वांना ठाऊक असल्याने ती थोडक्यात सांगतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अत्याचार झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू खंडित झाला. तेथून १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी 'हितचिंतक मित्र' या नात्याने न्यायालयात अर्ज केला. अर्जातील वर्णन आणि रुग्णालयाने उत्तरादाखल केलेले वर्णन यांत इतके अंतर पडले की न्यायालयाला तीन वैद्यांची समिती नेमावी लागली. डॉ. जे. व्ही. दिवटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा हे तिचे सदस्य होते. त्यांनी २८ जानेवारी २०११ रोजी रुग्णाची परीक्षा केली. आपल्या अभ्यासाचा खरा विषय हे अंतरच आहे. अर्जाप्रमाणे शय्येवर एक निश्चेष्ट, प्रतिसादशून्य देह होता. रुग्णालयाच्या म्हणण्याप्रमाणे ती व्यक्ती अन्न नीट स्वीकारीत होती, चेहऱ्यावरील भावांनी प्रतिसाद देत होती, अधूनमधून सूचनांना आवाज करून उत्तर देत होती आणि मलमूत्राची वेळ झाली म्हणजे परिचारिकांना ओळखता येईल असा आवाज काढीत होती. देह एकच होता आणि काळही एकच होता.

समितीच्या अहवालाची भाषा सावध आहे व ती तशी असल्याबद्दल समितीचे ऋण मानले पाहिजे. रुग्ण मस्तिष्कमृत नाही व अतिमूर्च्छेतही नाही, असे अहवाल स्पष्टपणे सांगतो. श्रवण, दृष्टी, स्पर्श व चलन यांचे प्राथमिक मज्जामार्ग शाबूत असल्याचा पुरावा त्यात नोंदविला आहे. त्या संवेदनांचे भान असल्याचा निश्चित पुरावा मात्र परीक्षेच्या वेळी आढळला नाही, असे तो म्हणतो. ज्या अवस्थेला आपण 'कायम वनस्पतिवत् अवस्था' म्हणतो तिचे बहुतेक निकष येथे पूर्ण होतात, असा त्याचा अभिप्राय आहे. 'बहुतेक' व 'निश्चित' ही दोन विशेषणे वाचकाने ध्यानात ठेवावीत. ती अहवालात आहेत. निकालाच्या फलितापर्यंत पोहोचताना त्यांचे वजन ओसरते.

याहून अधिक विचारणीय गोष्ट म्हणजे निकालातील एक परिच्छेद. समितीच्या निरीक्षणांच्या आधारे तेथे न्यायालय सांगते की, रुग्णाला माणसे जवळ असल्याचे कळते आणि आवडनिवड ती आवाजाने व हाताच्या हालचालीने व्यक्त करते. मासे किंवा कोंबडीचे सूप असे आवडते खाद्य मिळाले तर ती हसते. ओठावर लागलेली साखर व केळ्याचा गर तिने जिभेने चाटून गिळला. खोलीत पुष्कळ माणसे आली की ती अस्वस्थ होते आणि कोणी हळुवार स्पर्श केला की शांत होते. या वर्णनाचा उपयोग न्यायालयाने ती मृत नाही हे दाखविण्यासाठी केला, आणि तो योग्यच होता. परंतु हेच वर्णन निदानाच्या बाजूने वाचले तर काय दिसते? २००२ साली जोसेफ जियासिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूनतम जाणिवेची अवस्था' या नावाने एक स्वतंत्र अवस्था मांडली आणि तिचे निकष दिले. विशिष्ट भावनिक उद्दीपकाला, आणि त्यालाच, अनुरूप हसू येणे हा त्यांपैकी एक निकष आहे. मग हसू आवडत्या अन्नालाच येत होते काय, की कोणत्याही चवीला? माशाचे सूप आणि साधे पाणी आलटून पालटून देऊन, प्रत्येक वेळी नोंद ठेवून, ही गोष्ट चमच्याने तपासता आली असती. त्यासाठी एकाही यंत्राची गरज नव्हती. निकाल ज्या स्वरूपात आपल्यापुढे आहे त्यावरून असे म्हणणे प्राप्त आहे की, एकाच दस्तऐवजात दोन निदाने शेजारी शेजारी बसली आहेत आणि त्यांची गाठ घालून देण्याची आवश्यकता कोणाला भासलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. शय्येजवळ बसून केलेल्या परीक्षेशिवाय दुसरा मार्गच वैद्यकापाशी नव्हता. हा आक्षेप तपासण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ब्रायन जेनेट व फ्रेड प्लम यांनी १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये वनस्पतिवत् अवस्थेचे नामकरण केले. डोळे उघडतात, झोप व जाग यांचे चक्र चालते, श्वास आपोआप होतो; पण सहेतुक असे काही दिसत नाही. हे नाव अॅरिस्टॉटलच्या परंपरेतील आत्म्याच्या पायऱ्यांची आठवण करून देणारे आहे आणि माणसाला ते शोभत नाही, हे पुढे अनेकांना जाणवले. २०१० मध्ये युरोपीय अभ्यासकांच्या एका गटाने त्याऐवजी 'प्रतिसादहीन जागृती' असे नाव सुचविले. या नव्या नावाचा तार्किक गुण असा की, ते पाहिलेलेच सांगते. रुग्ण जागा आहे आणि प्रतिसाद देत नाही. जाणीव नाही, असे ते म्हणत नाही. 'वनस्पतिवत्' या शब्दात निरीक्षण आणि निष्कर्ष यांचा जो समास झाला होता, तो येथे सोडविला गेला.

हा समास किती घातक ठरू शकतो हे दाखविणारी अवस्था मात्र नामकरणाच्या सहा वर्षे आधीच वैद्यकाला ठाऊक झालेली होती. १९६६ साली प्लम व जेरोम पोस्नर यांनी मूर्च्छेच्या निदानावरील आपल्या ग्रंथात 'लॉक्ड-इन सिन्ड्रोम' हा शब्दप्रयोग रूढ केला. मस्तिष्कस्तंभातील पॉन्स, म्हणजे सेतू, या भागाच्या पुढच्या अंगाला इजा झाली, आणि ती बहुधा बॅसिलर रोहिणी तुंबल्याने होते, तर मेंदूच्या आवरणाकडून स्नायूंकडे उतरणारे मार्ग तुटतात. हात, पाय, जीभ, घसा, चेहरा सारे निश्चल होते. जाणिवेचे आधारस्थान असलेला मागचा भाग व वरचा मेंदू शाबूत राहतो. डोळ्यांची उभी हालचाल व पापणी यांचे नियंत्रण इजेच्या वरच्या भागातून होत असल्यामुळे तेवढेच माणसाच्या हाती उरते. फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांनी डिसेंबर १९९५ मधील आघातानंतर डाव्या पापणीच्या उघडझापीने अक्षरे निवडून एक पुस्तक सांगितले व ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याहून दीडशे वर्षे आधी अलेक्झांडर द्यूमा यांनी 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीत नॉर्तिए नावाचा, डोळ्यांनीच बोलणारा वृद्ध रंगविला होता. कादंबरीकाराने ही अवस्था पाहिली ती वैद्यकाने तिला नाव देण्याच्या पुष्कळ आधी, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

मराठीत या अवस्थेला नाव नाही. 'कुलूपबंद' हा शब्द भाषांतराचा वास सोडीत नाही. न्यायदर्शनात शरीराचे लक्षण करताना शरीर हे चेष्टेचा आश्रय होय असे म्हटले आहे. ते लक्षण समोर ठेवून या अवस्थेला 'निश्चेष्ट-जागृती' म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. परंतु नावासाठी भांडण्याची ही जागा नव्हे.

१९७९ साली गेर्हार्ट बाउअर व सहकाऱ्यांनी या अवस्थेचे तीन प्रकार केले : पापणी व उभी दृष्टी शिल्लक असलेला अभिजात प्रकार, आणखी थोडी हालचाल शिल्लक असलेला अपूर्ण प्रकार, आणि डोळेही थांबलेला संपूर्ण प्रकार. तिसऱ्या प्रकारात बाहेरून पाहणाऱ्याला प्रतिसादहीन जागृती व निश्चेष्ट-जागृती यांत भेद करण्याचे कोणतेच साधन उरत नाही. आणि पहिल्या प्रकारातही भेद किती उशिरा होतो पाहा. फ्रान्समधील अशा ४४ रुग्णांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निदानाला सरासरी अडीच महिन्यांहून अधिक काळ लागल्याचे आढळले. आणि रुग्ण जागा आहे हे निम्म्याहून अधिक वेळा प्रथम ओळखले ते घरच्या माणसांनी. वैद्य त्यांच्या मागून आले.

अरुणा शानबाग यांना ही अवस्था होती, असे येथे सुचवायचे नाही. त्या अन्न गिळीत होत्या, आवाज करीत होत्या, हात हलवीत होत्या. अभिजात अर्थाने हे त्या अवस्थेचे चित्र नव्हे. परंतु अर्जातच असे नमूद होते की, सुरुवातीच्या परीक्षेत मस्तिष्कस्तंभाला मार लागल्याचे व मानेतील मज्जारज्जूलाही इजा झाल्याचे आढळले होते. पुढे मनगटे व गुडघे आकुंचन पावून जखडले गेले. त्यांच्याविषयीच्या वर्णनांत मस्तिष्कजन्य अंधत्वाचाही उल्लेख येतो. ज्या देहात हालचालीचा मार्ग स्तंभापाशी, रज्जूपाशी आणि सांध्यांपाशी अशा तीन ठिकाणी अडलेला असू शकतो, त्या देहाला 'हात वर करा' असे सांगून हात वर न झाल्यास जाणीव नाही असे म्हणता येत नाही. ज्याची दृष्टी संशयित आहे त्याच्यापुढे वस्तू फिरवून नजर फिरली नाही म्हणून भान नाही, असेही म्हणता येत नाही. लंडनच्या एका रुग्णालयात वनस्पतिवत् म्हणून आलेल्या ४० रुग्णांपैकी १७ जणांचे निदान चुकीचे असल्याचे कीथ अँड्र्यूज व सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखविले. त्या सतरांतील बहुतेक जण अंध होते किंवा त्यांची दृष्टी अतिशय क्षीण होती. २००९ साली बेल्जियममधील अभ्यासात असेच ४४ पैकी १८ निघाले. म्हणजे मधल्या तेरा वर्षांत चुकीचे प्रमाण जवळजवळ हलले नाही.

आता यंत्रांकडे वळू. त्यांचा इतिहास सांगण्याचे कारण नाही. त्यांच्यामागील तर्क सांगितला पाहिजे, कारण मतभेद तर्काविषयी आहेत.

न्याय-वैशेषिकांनी कर्माची साखळी अशी मांडली आहे : ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि प्रयत्नातून चेष्टा. यांतील प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे, चेष्टा ही शरीराची क्रिया आहे. दुसऱ्याच्या ठायी ज्ञान आहे हे आपण चेष्टेवरून अनुमानाने जाणतो. शय्येजवळची परीक्षा ही संपूर्णपणे चेष्टेवर उभी आहे. विद्युत्-स्नायुआलेख व विद्युत्-मस्तिष्कालेख यांचे महत्त्व असे की, ते चेष्टेच्या अलीकडे, प्रयत्नाच्या दिशेने एकेक पायरी मागे सरकतात.

स्नायुआलेखाचे काम साधे आहे. त्वचेवर चकत्या लावून स्नायूतील विद्युद्दाब मोजायचा. स्नायू आखडण्याची आज्ञा पोहोचली, पण ती इतकी दुर्बळ असली की डोळ्यांना हालचाल दिसणार नाही, तरी विद्युत् उठते. २००८ साली त्रिस्तान बेकिन्श्टाइन व सहकाऱ्यांनी दहा रुग्णांना हात हलविण्याच्या आज्ञा वारंवार दिल्या, मध्ये मध्ये हालचालीशी संबंध नसलेली वाक्ये ऐकविली आणि आज्ञेनंतर स्नायूतील विद्युत् वाढते काय ते पाहिले. न्यूनतम जाणिवेच्या दोघांत ती वाढली, आणि वनस्पतिवत् ठरविलेल्या आठांपैकी एकातही वाढली. खर्च अल्प, यंत्र लहान, प्रश्न नेमका. परंतु सेतूखालचे सारे मार्गच तुटले असतील तर स्नायूपर्यंत काहीच येत नाही. येथे स्नायुआलेख होकाराचा साक्षीदार आहे, नकाराचा नाही.

मस्तिष्कालेख त्याच्याही मागे जातो. हान्स बर्गर यांनी १९२९ साली तो जगापुढे आणला. निश्चेष्ट-जागृतीत तो पुष्कळदा निरोगी माणसासारखा असतो : सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची आल्फा लय, डोळे उघडताच मावळणारी. पण या लयीवरच विसंबणारा फसतो. सेतूच्या व्यापक इजेत आणि प्राणवायूच्या अभावाने आलेल्या अतिमूर्च्छेतही आल्फा लय दिसू शकते. फरक इतकाच की ती कशानेही मावळत नाही. लय असणे हा पुरावा नव्हे, लयीने उत्तर देणे हा पुरावा होय. हाच भेद पुढच्या परीक्षांतही लागू पडतो. स्वतःचे नाव कानी पडल्यावर सुमारे तीन दशांश सेकंदाने उठणारा विद्युत्-तरंग झोपेतही सापडतो. तेव्हा केवळ नाव ऐकवून भागत नाही. 'आता आपले नाव किती वेळा आले ते मोजा' असे सांगितल्यावर तो तरंग वाढला, तर मोजण्याचा प्रयत्न झाला असे म्हणता येते. बॅसिलर रोहिणी तुंबलेल्या व अतिमूर्च्छेत समजल्या गेलेल्या एका २१ वर्षांच्या तरुणीत ४९ व्या दिवशी याच रीतीने जाणीव ओळखली गेली आणि ही नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. एड्रियन ओवेन यांच्या २००६ च्या सुप्रसिद्ध प्रयोगात चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रतिमा घेऊन रुग्णाला टेनिस खेळत असल्याची कल्पना करावयास सांगितले होते. तेथेही तर्क हाच होता, यंत्र मात्र पुष्कळ महाग होते.

येथवर यंत्रांची बाजू झाली. ती अधिक भोळेपणाने मांडली जाते, म्हणून दुसरी बाजूही तेवढीच स्पष्ट सांगितली पाहिजे. २०११ साली डेमियन क्रूज व सहकाऱ्यांनी मस्तिष्कालेखाच्या साहाय्याने १६ वनस्पतिवत् रुग्णांपैकी तिघांत आज्ञापालन आढळल्याचे सांगितले. दोन वर्षांनी अँड्र्यू गोल्डफाइन व इतरांनी तीच सामग्री पुन्हा तपासली आणि आक्षेप घेतला की, एका मालिकेतील लागोपाठची निरीक्षणे परस्परस्वतंत्र मानून गणित केल्यामुळे नुसत्या योगायोगालाही आज्ञापालनाचे रूप येऊ शकते. मूळ लेखकांनी उत्तर दिले; वाद आजही पुरता मिटलेला नाही. आणखी एक विनोदाची गोष्ट. मस्तिष्कालेखाचा अभ्यासक कपाळाच्या व जबड्याच्या स्नायूंतून येणारी विद्युत् कचरा म्हणून गाळून टाकतो आणि स्नायुआलेखाचा अभ्यासक त्याच विद्युतेच्या शोधात असतो. रुग्णाने आज्ञा ऐकून दात आवळण्याचा प्रयत्न केला असेल तर एका शास्त्राने तो पुसला आणि दुसऱ्याने तो टिपला, असे होईल. दोन्ही आलेख एकाच वेळी घेऊन ते एकमेकांशी पडताळावेत, या मताला याहून मोठे कारण नको. होकाराच्या घाईचे परिणामही आपण पाहिले आहेत. मदतनिसाने हात धरून एका बेल्जियन रुग्णाकडून 'लिहविलेली' वाक्ये २००९ साली जगभर गाजली. मदतनीस बाहेर असताना रुग्णाला वस्तू दाखवून पुढे चाचणी घेतली गेली तेव्हा ती वाक्ये रुग्णाची नव्हती हे उघड झाले. संपूर्ण निश्चेष्ट रुग्णांशी संवाद साधल्याचा दावा करणारा २०१७ चा एक निबंध २०१९ मध्ये मागे घेण्यात आला.

तथापि या चुका होकाराच्या आहेत आणि आपला खरा प्रश्न नकाराचा आहे. तो सोडविण्यास मीमांसक व वेदान्ती यांनी घडविलेले एक हत्यार हाताशी आहे. अभावाचे ज्ञान अनुपलब्धीने होते, असे भाट्ट मीमांसक व अद्वैती मानतात. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत, प्रत्यक्षाची सहकारी मानतात. या वादात न पडता दोन्ही पक्षांना मान्य असलेली अट घ्यावी. नुसत्या अनुपलब्धीने अभाव सिद्ध होत नाही, योग्य अनुपलब्धीनेच होतो. वस्तू तेथे असती तर ती निश्चित दिसली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून घडा नाही. अंधारात दिसत नाही म्हणून नाही असे होत नाही. धर्माधर्म तर उजेडातही दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे कोणी म्हणत नाही.

आता ही कसोटी आकड्यांना लावू. क्रूज यांच्या प्रयोगात १२ निरोगी माणसांचीही परीक्षा झाली होती. सर्व जागे, सर्व सूचना समजणारे. त्यांपैकी तिघांत यंत्राला काहीच सापडले नाही. येलेना बोडियन व सहकाऱ्यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याहून बोलका आहे. सहा केंद्रांतील २४१ प्रतिसादहीन रुग्णांपैकी ६० जणांत चुंबकीय प्रतिमा, मस्तिष्कालेख किंवा दोन्ही यांवर आज्ञापालन आढळले. हा चतुर्थांशाचा आकडा वृत्तपत्रांनी उचलला. त्याच निबंधातील दुसरा आकडा कोणी उचलला नाही : उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या ११२ रुग्णांपैकी यंत्राने ओळखले ते केवळ ४३. म्हणजे ज्यांची जाणीव निर्विवाद आहे अशा दर पाचांतील तिघांच्या बाबतीत यंत्र मुके राहिले. यंत्राचा उजेड एवढाच असेल तर त्यात घडा न दिसणे ही योग्य अनुपलब्धी नव्हे. शय्येजवळच्या परीक्षेचा उजेड त्याहून मंद आहे हे ४० पैकी १७ व ४४ पैकी १८ या आकड्यांनी आधीच सांगितले आहे. म्हणून २०११ चा अहवाल 'निश्चित पुरावा आढळला नाही' येथे थांबतो ते प्रामाणिकपणाचे आहे. निकालाने त्यापुढे टाकलेले पाऊल, म्हणजे अनुपलब्धीवरून अभावाकडे जाणे, हे प्रमाणशास्त्राला मान्य होणारे नाही. यंत्रे लावली असती तर शानबाग यांच्याविषयीचे उत्तर बदलले असते असा दावा येथे नाही. फक्त होकार मिळण्याची एक खिडकी उघडी राहिली असती, आणि नकार मिळाल्यास त्याची किंमत किती हे सांगता आले असते.

न्यायालयाला यंत्रांचा तिटकारा होता म्हणून ती लावली नाहीत, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्राने उलट टोकही अनुभवले आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मस्तिष्क-विद्युत्-आंदोलनांच्या चाचणीचा निष्कर्ष दोषसिद्धीच्या पुराव्यांत धरला होता. आरोपी खुर्चीत स्वस्थ बसलेला, कानावर वाक्ये पडताहेत आणि त्याच्या मेंदूतील विद्युतेवरून त्याला त्या कृत्याचा 'अनुभव' आहे असे यंत्र सांगते! ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालाने अशा चाचण्या संमतीविना करण्यास बंदी केली. त्यामागील कारण आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. मेंदूचा प्रतिसाद हा बोटाच्या ठशासारखा नुसता भौतिक पुरावा नाही, त्याचे स्वरूप साक्षीचे आहे, असे न्यायालयाने धरले. या निकालानंतर दहाच महिन्यांनी शानबाग निकाल आला. पहिल्या निकालाचे तत्त्व दुसऱ्याला लावून पाहावे. आरोपीकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काढलेला मेंदूचा प्रतिसाद जर साक्ष असेल, तर बोलू न शकणाऱ्या रुग्णाने आज्ञा ऐकून स्वेच्छेने दिलेला प्रतिसाद ही तर त्याहून शुद्ध साक्ष झाली. मग प्रश्न वैद्यकीय तपासणीचा राहत नाही, पक्षकाराला ऐकून घेण्याचा होतो. न्यायालयाने हितचिंतक मित्र कोण, विराणी की रुग्णालयातील सेवकवर्ग, याचा निर्णय केला व तो सेवकवर्गाच्या बाजूने दिला. प्रत्यक्ष पक्षकाराला काही सांगायचे आहे काय, हे विचारण्याची रीत मात्र शोधली गेली नाही. दोन निकालांची ही तुलना आपल्या विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक खोलात जाऊन करावी.

परिचारिकांच्या साक्षीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. सदतीस वर्षे अंथरुणावर असलेल्या देहाला शय्याव्रण नव्हते, हे समितीनेही पाहिले. ज्यांच्या हातून अशी सेवा घडली त्यांचे निरीक्षण 'भाबडेपणा' म्हणून बाजूला सारणे हा शास्त्रीय वृत्तीचा भाग नव्हे. फ्रान्समधील पाहणीत प्रथम ओळखणारे घरचेच होते. पण बेल्जियममधील त्या मदतनिसाचा हेतूही शुद्धच होता. तेव्हा जवळच्या माणसाचे निरीक्षण हे सिद्धी नव्हे, तर प्रतिज्ञा होय. तिची परीक्षा कशी करायची हे तिच्यातच सांगितलेले असते. परिचारिका म्हणते, मलविसर्जनाआधी वेगळा आवाज येतो. ठीक, आठ दिवस आवाजांची व वेळांची नोंद ठेवा. ती म्हणते, आपल्या माणसाच्या आवाजाला चेहरा उत्तर देतो. ठीक, भुवईच्या व ओठांच्या स्नायूंवर चकत्या लावा आणि परिचित व अपरिचित आवाज आलटून पालटून ऐकवा.

यातून भाषेचा प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या विद्यापीठीय संशोधनात कोणी हाताळावा असा आहे. आज्ञा व नाव यांवर उभारलेल्या साऱ्या परीक्षा गृहीत धरतात की, ऐकविलेली भाषा रुग्णाची आहे. वसई-विरारच्या पट्ट्यात हे गृहीत किती डळमळीत आहे ते पाहावे. गास, निर्मळ, नाळा या भागांत सामवेदी किंवा कादोडी बोलणारी घरे आहेत. शेजारी वाडवळी आहे, किनाऱ्याला कोळी बोली आहे आणि पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वारली. येथील एखादी सत्तरीची बाई बॅसिलर रोहिणीच्या आघाताने निश्चल होऊन रुग्णालयात येते. केसपेपरवर तिचे बारशाचे किंवा बाप्तिस्म्याचे नाव असते आणि ते नाव घरात कोणी कधी उच्चारलेले नसते. परीक्षक प्रमाण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत 'उजवा हात आवळण्याची कल्पना करा' असे सांगतो. 'कल्पना करा' हे वाक्य निरोगी बाईलाही बुचकळ्यात पाडील. आलेखावर काही उठत नाही. येथे अनुपलब्धी अयोग्य आहे, आणि तिला अयोग्य करणारे कारण मेंदूत नाही, प्रश्नपत्रिकेत आहे. 'मडके उचल' किंवा 'जाळे ओढ' अशी हातात मुरलेली क्रिया, तिच्या बोलीत, तिच्या मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ऐकविली तर तीच परीक्षा वेगळी होईल. टेनिस हे ओवेन यांच्या रुग्णासाठी योग्य होते. ते आगाशीच्या बागाईतदाराला लागू करणे म्हणजे शास्त्राचे अनुकरण, शास्त्र नव्हे.

हा विचार आता केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने पूर्वेच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने कार्यपद्धती सुटसुटीत केली. रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ, त्यावर दुय्यम मंडळ आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक तज्ज्ञ. म्हणजे जो प्रश्न २०११ साली दिल्लीच्या न्यायासनापुढे एकदाच आला, तो यापुढे जिल्ह्याजिल्ह्यात येणार आहे. मंडळात किती जण असावेत व त्यांचा अनुभव किती वर्षांचा असावा, हे आदेशात आहे. जाणिवेचा अभाव कोणत्या परीक्षांनी ठरवावा, त्या किती वेळा व किती दिवसांच्या अंतराने कराव्यात, रुग्णाची घरची बोली कोणती याची नोंद कोणी घ्यावी, हे त्यात नाही. ओवेन यांचे चुंबकीय यंत्र प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही. पण मस्तिष्कालेख व स्नायुआलेख घेण्याची साधने त्या मानाने साधी व वाहून नेण्याजोगी आहेत. मंडळाच्या नमुनापत्रात निदान चार रकाने वाढविता येतील : मस्तिष्कस्तंभाला व मज्जारज्जूला इजा आहे काय, दृष्टी व श्रवण स्वतंत्रपणे तपासले काय, आज्ञा कोणत्या भाषेत व कोणाच्या आवाजात दिल्या, आणि हेच उपकरण, हीच आज्ञा, त्याच बोलीच्या निरोगी माणसाला देऊन पाहिली असता ती किती जणांत सापडली. यांतील शेवटचा रकाना भरण्याचे काम वैद्यांपेक्षा भाषाशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या विभागांचे अधिक आहे.